रास्सेरा, रास्सेरा! आओमोरीच्या नेबुता मिरवणुकीत लंगडी घालून आले

रानजाई

सहा वर्षं जपानमधल्या सेंदाईत राहतेय आणि दर ऑगस्टला माझं एकच रडगाणं असायचं: नेबुता बघायला जायचंय, पण हॉटेल मिळत नाही. यंदा फेब्रुवारीतच खोली धरली. तीही आओमोरीत नाही, शेजारच्या हिरोसाकीत. शिनकान्सेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, शिन-आओमोरी आणि तिथून लोकलने एक स्टेशन, की आपण आओमोरीत. होन्शू बेटाचं हे जवळपास उत्तर टोक. अडीच-तीन लाख वस्तीचं एरवी शांत, सफरचंदांचं आणि बर्फाचं गाव. २ ते ७ ऑगस्ट या सहा दिवसांत मात्र गाव ओळखू येत नाही.

नेबुता म्हणजे कागदी कंदील. पण आपल्या आकाशकंदिलाचा आकार डोळ्यांपुढे आणू नका. नऊ मीटर रुंद, सात मीटर खोल आणि खालच्या गाड्यासकट पाच मीटर उंच. वजन चार टनांच्या आसपास. आत शेकड्यांनी दिवे. बाहेर डोळे वटारलेला योद्धा, त्याच्या अंगावर झेपावणारा ड्रॅगन, लाटा, ज्वाळा. असे वीसहून जास्त नेबुता संध्याकाळी सातच्या सुमारास रस्त्यावर येतात. इंजिन नाही. माणसं ढकलतात. पुढे हातात पंखा घेतलेला एक जण उलटा चालत असतो, त्याच्या इशाऱ्यावर चार टनांचा तो राक्षस गर्रकन वळतो, प्रेक्षकांवर झुकतो आणि परत मागे येतो. पहिल्यांदा तो चेहरा माझ्याकडे वळला तेव्हा मी खरंच दोन पावलं मागे सरले. शेजारची चिमुरडी खिदळली मला बघून.

पण मला लिहायचंय ते बघण्याबद्दल नाही, नाचण्याबद्दल. इथे नाचणाऱ्यांना हानेतो म्हणतात आणि हानेतो कुणीही होऊ शकतं. नाव नोंदवायचं नाही, ओळख लागत नाही, जपानी असावं लागत नाही. अट एकच, पोशाख पुरा हवा. तो असला की कुठल्याही नेबुताच्या मागे जाऊन उभं राहायचं. पोशाख भाड्याने मिळतो, दुकानातल्या बायका नेसवूनही देतात. आत गुलाबी किंवा निळं परकरासारखं वस्त्र, त्यावर आखूड खोचलेला युकाता (सुती किमोनो), खांद्यावरून लाल तासुकी (बाह्या आवरायची पट्टी), कमरेला पट्टा, पायात पांढरे मोजे आणि झोरी, म्हणजे जपानी चपला. डोक्यावर फुलांनी मढवलेली भलीमोठी टोपी, हानागासा. मी शहाणपणा करून युकाता आधी स्वतःच गुंडाळला होता. दुकानातल्या आजी 'आरा आरा' करत धावत आल्या आणि पदर उलटा करून दिला. उजवी बाजू वर आली की तो प्रेताचा पोशाख. मी मयताच्या थाटात नाचायला निघाले होते!

आजींनी झोरी पायाला दोरीने करकचून बांधली. मी म्हटलं, एवढं कशाला? त्या म्हणाल्या, कळेल. कळलं. नाच म्हणजे आपली लंगडीच, फक्त दर दोन उड्यांनी पाय बदलायचा. उजव्यावर दोन, डाव्यावर दोन. एक जण ओरडतो 'रास्सेरा, रास्सेरा', सगळे उत्तर देतात 'रास्से रास्से रास्सेरा'. मागून बासऱ्या, हातातल्या झांजा आणि गाड्यावर आडवे ठेवलेले मोठाले ढोल, लांब काठ्यांनी बडवलेले. मी पुण्यात चार वर्षं पथकात ताशा वाजवलाय. त्या तर्रीची सवय असलेल्या माणसाला हा ठेका सुरुवातीला संथ वाटतो. दहाव्या मिनिटाला पोटऱ्या सांगतात, संथ नाहीये.

कमरेला घुंगरांसारख्या लहान घंट्या पिनेने लावलेल्या असतात. उड्या मारता मारता त्या गळून पडतात आणि पडलेली घंटा ज्याला सापडेल त्याचं भलं होतं म्हणे. मला तीन मिळाल्या. माझ्या किती पडल्या ते घरी येऊन मोजलं, पाच.

नऊच्या सुमाराला एकदम सगळं थांबलं. ढोल थांबले, घोषणा झाली, लोक घराकडे. माझ्या अंगात तेव्हा कुठे वारं भरलं होतं! रस्त्याच्या मधोमध हानागासा काखेत धरून उभी राहिले आणि विचार करत राहिले, आता काय? आपल्याकडे पुण्यात विसर्जनाला या वेळेला बेलबाग चौकात अजून कितीतरी मंडळं यायची असतात.

प्रचि (प्रकाशचित्रं) टाकते उद्या. कुणी गेलंय का अजून?

---

आनंदी_आनंद_नाशिक

भारी! मयताचा पोशाख वाचून फुटले. आम्ही चौघे पुढच्या वर्षी जपानला येतोय, सासूबाई शाकाहारी. आओमोरीत उपाशी राहतील का?

---

रानजाई

उपाशी नाही, पण तयारीने या. समुद्रकाठचं गाव आहे. तिथला बाजार म्हणजे शिंपले, स्क्विड आणि भाताच्या वाडग्यावर हवे ते कच्चे मासे. भाज्यांच्या रश्शातही माशाचा अर्क असतो. सुपात, सॉसमध्ये, सगळीकडे. सासूबाईंसाठी कन्व्हिनियन्स स्टोअरमधली उमेबोशीची (आंबट खारवलेल्या फळाची) ओनिगिरी, म्हणजे भाताचा मुटका, भाजलेलं मक्याचं कणीस आणि सफरचंद. सफरचंदाचा रस, सफरचंदाचा पाय, सफरचंदाचं सगळं. थालीपीठाची भाजणी बरोबर आणा, पुन्हा सांगत नाही.

---

पक्याभाऊ

लेख आवडला ताई. फक्त शेवटचा टोमणा नाही आवडला. दर वर्षी कुणीतरी जपानला जातं आणि आम्हाला शिस्त शिकवतं. आमची मिरवणूक २८-३० तास चालते ती आम्हाला हौस म्हणून नाही. नऊ वाजता थांबवायला आमच्याकडे वीस नेबुता नाहीत, शेकड्यांनी मंडळं आहेत. पथकात होतात म्हणता, तर लक्ष्मी रोडवर ताटकळला असालच.

---

रानजाई

पक्याभाऊ, टोमणा नव्हता हो. मला तर नऊ वाजता बंद झाल्याचा रागच आला होता. ताटकळलेय की! टिळक चौकात पहाटे चारला ताशा गळ्यात अडकवून उभ्या उभ्या झोपलेय.

---

तोक्योचा_तात्या

पक्याभाऊंना थोडा दिलासा देतो. ही शिस्त काही आभाळातून पडलेली नाही. मी १९९९ साली गेलो होतो. तेव्हा जे पाहिलं ते रानजाईंना आज दिसणार नाही.

त्या काळात 'कारासु हानेतो' नावाचा प्रकार बोकाळला होता. कारासु म्हणजे कावळा. अंगावर पुरा पोशाख नाही, काळे कपडे घातलेल्या पोरांच्या टोळ्या. शिट्ट्या, फटाके, दारू, मारामाऱ्या. मिरवणुकीच्या शेपटाला येऊन धुडगूस घालायचे. बायकामुलांना घेऊन आलेले लोक काढता पाय घ्यायचे. आम्हीही घेतला.

गंमत बघा, खरं कारण पोरं नव्हती, मिरवणुकीची रचना होती. तेव्हा नेबुता एका ठिकाणाहून एकामागून एक सुटायचे आणि एकामागून एक संपायचे. म्हणजे पहिला घरी गेला तरी शेवटचा रस्त्यावर, आणि त्या शेवटच्याभोवती सगळे कावळे जमणार. २००१ मध्ये हे बदललं. आता सगळे नेबुता आधीच त्या तीनेक किलोमीटरच्या चौकोनी मार्गावर आपापल्या जागी उभे असतात. फटाक्याचा बार झाला की सगळे एकदम निघतात, वेळ झाली की जिथे असतील तिथे एकदम थांबतात. शेपूटच उरलं नाही. कावळ्यांना बसायला फांदी नाही. त्याच सुमारास प्रिफेक्चरने (तिथल्या प्रांत सरकारने) कायदाही केला आणि पोलीस उभे राहिले, पण माझ्या मते काम केलं ते त्या चौकोनाने.

---

पक्याभाऊ

तात्या, हे पहिल्यांदा कळलं. धन्यवाद. पण हे पुण्यात आणायचं तर मानाचा क्रम कुठे ठेवायचा? कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा, मग बाकीचे. सगळे एकदम सुटले तर पुढे कोण आणि मागे कोण? आमचं अर्धं भांडण तिथेच असतं. आणि शेवटी सगळ्यांना एकाच अलका चौकातून जायचंय, कारण नदी तिकडे आहे. गोल फिरून जागच्या जागी थांबायला आमच्याकडे गोलच नाही.

---

तोक्योचा_तात्या

बरोबर आहे. त्यांना रोज पाण्यापर्यंत जायचं नसतं, हा मोठा फरक. पाणी फक्त शेवटच्या दिवशी, ७ तारखेला.

---

पेणकर

माझ्या तीन पिढ्या मूर्तिकामात गेल्या, म्हणून विचारतो. कागदावर एवढा रंग दिला तर उजेड बाहेर कसा येतो? आणि रंग एकात एक पसरत कसे नाहीत?

---

रानजाई

पेणकर, हा प्रश्न मला आवडला. बंदराजवळ 'वा रास्से' नावाचं नेबुताचं संग्रहालय आहे, २०११ मध्ये उघडलेलं. तिथे सांगाडा उघडा ठेवलाय, अर्धा तास तिथेच बसले होते.

आधी लाकडी खांब, मग तारेने आकार. बोटं, नखं, मिशांचे केस, सगळं तारेचं. पूर्वी बांबूच्या कामट्या आणि आत मेणबत्त्या असायच्या, त्यामुळे आग लागायची भीती. तारेवर वाशी, म्हणजे जपानी हातकागद. अख्खा कागद गुंडाळत नाहीत. तारेने जेवढा चौकोन पडला तेवढाच तुकडा कापून त्या घरात चिकटवायचा. अशी हजारो घरं! हे काम बहुतेक बायका करतात आणि त्यांचं नाव पुढे कुठेच येत नाही, हे जाता जाता.

मग काळ्या शाईने रेषा. त्यानंतर तुमचं उत्तर: वितळलेल्या मेणाने नक्षी काढतात. मेण कागदात मुरलं की तिथे उजेड जास्त फाकतो आणि रंग त्या रेषेपाशी अडतो. शेवटी रंग. खवले, ज्वाळा, कपड्यांवरचे ठिपके दिवसा पांढरट दिसतात, रात्री आतून पेटतात. जुलैच्या शेवटी चाळीस-पन्नास माणसं मिळून तो आकार उचलून गाड्यावर चढवतात.

कारागिरांना नेबुताशी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचंच काम. २०१२ मध्ये कितामुरा आसाको ही पहिली बाई मोठा नेबुता घेऊन उतरली. तिचे वडील कितामुरा ताकाशी मोठे नावाजलेले नेबुताशी.

---

पेणकर

मेण अडवतं! म्हणजे बाटिकचंच तंत्र. साधं आणि बिनतोड. आणि नंतर? विसर्जन?

---

रानजाई

७ तारखेला मिरवणूक दुपारी असते, आणि रात्री बक्षीस मिळालेले काही नेबुता तराफ्यांवर चढवून आओमोरीच्या उपसागरात फिरवतात. वर आतषबाजी. पाण्यात सोडत नाहीत मात्र, फिरवून परत आणतात. मग दोन-चार नेबुता वर्षभरासाठी संग्रहालयात आणि बाकीचे मोडतात. एखादा चेहरा, एखादा हात कुणीतरी मागून नेतं. एक नेबुता उभा करून फिरवायचा सगळा खर्च दोन कोटी येनच्या घरात सांगतात, आणि आयुष्य सहा दिवसांचं.

---

पेणकर

आमच्या मूर्तीचं दीड दिवसाचं पण असतं. कारागिराला त्याचं काही वाटत नाही हो, बघणाऱ्यालाच वाटतं. आमच्या डोक्यात तोवर पुढच्या वर्षीची सुरू झालेली असते.

---

वाकडी_वाट

दोन कोटी येन देतं कोण? तिकडेही गुटखेवाले का?

---

रानजाई

हाहा. हिताची, पॅनासोनिक, जेआर (जपानची रेल्वे) यांचे नेबुता आहेत, शिवाय महापालिका, नागरिकांच्या समित्या वगैरे. पुढे कंपनीच्या नावाचे कंदील असतात. फ्लेक्स नाही, पण नाव दिसेल याची काळजी पुरेपूर घेतलेली असते. हिताचीच्या मागे नाचताना मी मनात म्हटलं, आमच्या घरचा एसी तुमचाच.

---

नेत्रा.

सुंदर धागा. एक भर घालते. नेबुतावर काबुकी या जपानी नाट्यप्रकारातले प्रसंग, चिनी कथांमधले वीर जसे असतात तसे आपले जुने ओळखीचेही भेटतात, नावं बदलून. 'ताइशाकुतेन' म्हणजे इंद्र. 'बिशामोन्तेन' म्हणजे वैश्रवण, आपला कुबेर, तिकडे चिलखत घातलेला योद्धा झालेला. ज्वाळांमध्ये बसलेला, हातात तलवार आणि पाश असलेला 'फुदो म्योओ' म्हणजे अचल. 'आशुरा' तर सांगायलाच नको. बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे गेलेली ही मंडळी. रानजाई, तुमच्या प्रचिमध्ये ज्वाळावाला कुणी असेल तर नीट बघा.

आणि क्योतोच्या जगप्रसिद्ध गिओन मात्सुरीतलं 'गिओन' हे नाव श्रावस्तीच्या जेतवन विहाराच्या जपानी नावावरून आलंय. तो उत्सव ८६९ सालच्या साथीत सुरू झाला असं मानतात.

---

रानजाई

नेत्रा, अगं! माझ्याकडे झुकलेला चेहरा ज्वाळावालाच होता. म्हणजे मी अचलाला घाबरून हलले!

---

कोकणचो_झिल

बाय माझे, झकास लिवलंस! आता माका सांग, ह्या सगळ्याचा मूळ काय? आमच्याकडे प्रत्येक जत्रेक एक राखणदार असता.

---

तोक्योचा_तात्या

झिला, राखणदार नाही, उलट एकाला हाकलायचं असतं. झोपेला! उन्हाळ्यात शेतीची कामं ऐन भरात आणि अंगात सुस्ती. ती सुस्ती, ती इडापिडा कंदिलात घालून नदी-समुद्रात सोडून द्यायची, अशी तानाबाता या उन्हाळी सणाच्या सुमाराची जुनी चाल. 'नेमुरी नागाशी', झोप वाहवणं. नेबुता हा शब्द त्या झोपेवरूनच आला, असं बहुतेक मानतात. आणि रास्सेरा म्हणजे 'काढा, द्या', पोरं घरोघर मेणबत्त्या मागत फिरायची त्याचा अपभ्रंश, असं एक मत आहे.

दुसरी एक दंतकथा होती, सेनापती साकानोउए नो तामुरामारोची. शत्रूला भुलवायला त्याने ढोल आणि कंदील वापरले म्हणे. पहिल्या बक्षिसाला १९६२ पासून त्याचंच नाव होतं. पुढे लोक म्हणू लागले, अहो, तो क्योतोच्या दरबाराचा सेनापती, त्याने मारले ते एमिशी, म्हणजे उत्तरेकडचे मूळ रहिवासी, इथलेच, आणि तो इतक्या उत्तरेला आलाच नव्हता. १९९५ मध्ये नाव बदलून साधं 'नेबुता महापुरस्कार' केलं.

---

वाकडी_वाट

नाव बदललं आणि दंगल नाही झाली? विश्वास बसत नाही.

---

संपादक_मंडळ

कृपया धाग्याच्या विषयाला धरून लिहावे.

---

आनंदी_आनंद_नाशिक

विषयाला धरून विचारते: हिरोसाकीत राहायचं की आओमोरीत? आणि पाऊस आला तर?

---

रानजाई

पाऊस आला तर नेबुतावर पारदर्शक प्लॅस्टिक चढवतात आणि चालू. आपल्या बाप्पाला घालतात तसंच, काही वेगळं नाही.

हिरोसाकीत राहा आणि तिथला उत्सवही बघा, १ ते ७. तिथे त्याला 'नेपुता' म्हणतात आणि उच्चार चुकला की लगेच दुरुस्त करतात. पंख्याच्या आकाराचे, पुढे युद्धाचं चित्र आणि पाठीमागे बहुतेकदा एखादी उदास सुंदर बाई. 'या-यादो' असा खालच्या पट्टीतला घोष. तिथे कुणी उड्या मारत नाही, लोक नुसते चालतात. मला तर रस्त्यावरून दूर जाणारी ती पाठमोरी चित्रंच जास्त आठवतात.

जमलं तर गोशोगावाराही करा, ४ ते ८ ऑगस्ट. तिथला नेपुता उभा, तेवीस मीटर! सात मजली इमारत चालत येतेय असं वाटतं. विजेच्या तारा आल्या आणि एवढे उंच नेपुता काढणं बंद पडलं. मग नव्वदच्या दशकात जुने आराखडे सापडले, लोकांनी पुन्हा बांधला आणि १९९८ पासून परत सुरू. मिरवणुकीच्या रस्त्यावरच्या तारा जमिनीखाली घातल्या.

---

पक्याभाऊ

तारा जमिनीखाली! आमच्या पेठेत उंच रथ आला की दोन पोरं बांबू घेऊन केबल उचलायला पुढे चालतात. त्यातला एक मी होतो, सहा वर्षं.

ताई, खरं सांगू? मला त्या हानेतोच्या नियमाचाच हेवा वाटला. पोशाख घाला आणि या. आमच्याकडे पथकात यायचं तर दोन महिने सराव, मंडळात यायचं तर कुणाची तरी ओळख. बाकीच्यांनी दोरीच्या पलीकडे उभं राहायचं. ती दोरी धरूनच माझी बारा वर्षं गेली.

---

रानजाई

पक्याभाऊ, या एकदा. सेंदाईपासून पुढची जबाबदारी माझी. झोरी मात्र मी सांगेन तेवढी घट्ट बांधायची. माझ्या शेजारच्या उत्साही पोराची अर्ध्या वाटेत सुटली, तो एक पाय मोज्यावर नाचत होता आणि त्याला वाटत होतं कुणाला कळत नाहीये.

---

पक्याभाऊ

सराव आतापासूनच करतो. बायको विचारतेय, घरात लंगडी का घालताय.

---

रानजाई

प्रचि टाकलेत. नेत्रा, चौथा बघ, ज्वाळावाला. आणि हो, त्या तीन घंट्यांपैकी एक आईकडे पाठवली, तिने तुळशी वृंदावनाला बांधलीय. एक माझ्या सायकलच्या किल्लीला. एक शिल्लक आहे. नाशिकच्या सासूबाई भाजणी घेऊन येणार असतील तर त्यांची, नाहीतर ज्याला हवी त्याने विपू (विचारपूस, म्हणजे निरोप) करा.